निंबानानांनी आयर्न बदलले

सोनगीरच्या किल्ल्याखाली निंबा देवरे यांचं साडेतीन एकर बरड आहे. सगळा मुरूम, वर कुसळी गवत आणि मध्येमध्ये बोरीची झुडपं. त्यांच्या वडिलांनी तिथं बाजरी पेरून पाहिली, चुलत्यांनी तीळ पेरून पाहिले, आणि शेवटी दोघांनीही ती जमीन शेळ्यांवर सोडून दिली. निंबानाना फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा वाटणीत ते बरड त्यांच्या नावावर आलं. भाऊबंदांपैकी कोणी हूं की चूं केलं नाही. नानांनी पहिल्याच उन्हाळ्यात तिथं पाच खड्डे खणले, पाच झेंडे रोवले आणि गोल्फ खेळायला सुरुवात केली.

गावाला वाटलं, फौजी माणूस, सीमेवर डोक्याला ऊन लागलं असेल. पण नानांचं डोकं ठिकाणावर होतं. नोकरीची शेवटची सात वर्षं त्यांनी पंजाबातल्या एका छावणीच्या गोल्फ मैदानावर काढली होती. आधी गवत कापायचं काम, मग साहेबांच्या पिशव्या उचलायचं. एके दिवशी पहाटे एका कर्नलसाहेबांनी गंमत म्हणून त्यांच्या हातात काठी दिली. नानांनी मारलेला बॉल सरळ रेषेत जाऊन झेंड्याजवळ पडला. साहेब म्हणाले, "फिर से मार." नानांनी पुन्हा मारला. त्या दिवसापासून साहेब रोज सकाळी तासभर आधी यायला लागले आणि हवालदार निंबा त्यांच्याबरोबर खेळायला लागला.

साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी आपली सात आयर्नची पिशवी नानांच्या खांद्याला अडकवली. आयर्न म्हणजे लोखंडी पात्याच्या काठ्या. जमिनीवरून बॉल उचलून नेमक्या अंतरावर टाकायला त्या वापरतात. साहेबांच्या काठ्या जुन्या घडणीच्या, पात्यानं पातळ, मागून सपाट. त्यांना ब्लेड म्हणतात. बॉल पात्याच्या मधोमध लागला, तर हाताला काही लागलं असं वाटतच नाही, पिकल्या केळ्यात नख शिरावं तसं. पण सूतभर जरी इकडेतिकडे झालं, तरी मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या येतात आणि बॉल भलतीकडे जातो. अशा काठ्या माफ करत नाहीत. नानांना तेच आवडायचं. "चुकलं ते चुकलं म्हणून लगेच सांगते ती," असं ते कौतुकानं म्हणायचे.

बरडावर हिरवळ धरणं शक्य नव्हतं. म्हणून प्रत्येक खड्ड्याभोवती त्यांनी चाळलेल्या वाळूचं मोठं वर्तुळ केलं. हायवेवरच्या गॅरेजांतून ट्रकचं जळकं ऑइल आणून ते त्या वाळूत कालवलं. वाळू बसली, काळपट झाली, वाऱ्यानं उडेनाशी झाली. कोरड्या मुलखातल्या छावण्यांमध्ये असंच करतात, त्याला ब्राउन म्हणतात. मुरमावर पातं घासू नये म्हणून बॉलखाली ठेवायला नाना घरातलं जुनं पायपुसणं न्यायचे. निवृत्त एसटी ड्रायव्हर मगनभाऊ त्यांचे पहिले जोडीदार झाले. पुढे धुळ्याहून काही हौशी डॉक्टर मंडळी रविवारी यायला लागली. खालच्या विहिरीवर कांदा, वरच्या बरडावर गोल्फ, अशी नानांची सतरा वर्षं सुखात गेली.

दोन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत हायवेच्या सर्व्हिस रोडवर वाळू सांडलेली होती. नानांची मोटरसायकल घसरली आणि डावं मनगट मोडलं. धुळ्याला ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि सहा स्क्रू बसले. त्यांची एकुलती एक मुलगी ऋतिका जळगावला फिजिओथेरपिस्ट आहे. ती पंधरा दिवस रजा घेऊन आली आणि तिनं बापाकडून हाताचे व्यायाम करून घेतले. नाना कवायतीसारखे मोजून करायचे. तीन महिन्यांनी हात वळायला लागला, मूठ मिटायला लागली. त्याच दिवशी त्यांनी पिशवी काढली आणि सात नंबरचा आयर्न घेऊन बरडावर गेले.

पहिला बॉल चाळीस पावलांवर डावीकडे बोरीत गेला. बॉलपेक्षा वाईट म्हणजे हात. पट्टीतून अशी कळ आली की काठी हातातून गळून पडली. नानांनी ती उचलली, पुन्हा मारला, पुन्हा तेच. महिनाभर ते असं रोज करत राहिले. संध्याकाळी अंगठा सुजलेला असायचा, आणि पत्नी प्रमिलाबाईंनी गरम पाण्याचं भांडं पुढे केलं की "काई नही व्हयनं" म्हणून ते तोंड फिरवायचे.

एका रविवारी धुळ्याच्या मंडळींसमोर त्यांचे लागोपाठ तीन बॉल वाया गेले. त्यातला एक तरुण डॉक्टर चांगल्या मनानं म्हणाला, "नाना, आता या ब्लेडचा नाद सोडा. मोठ्या तोंडाचे, चुका सांभाळून घेणारे आयर्न येतात. आमच्यासारखे शिकाऊ तेच वापरतात."

'आमच्यासारखे शिकाऊ' हे शब्द नानांना झोंबले. त्यांनी सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं, सातही पाती तेलाच्या फडक्यानं पुसली, पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलं आणि ती माळ्यावर कांद्याच्या रिकाम्या गोण्यांमागे ठेवून दिली. पुढचे आठ महिने पिशवी तिथंच होती.

मगनभाऊ दर रविवारी येऊन ओट्यावर बसायचे. "नाना, खेळ सोडीच दिधा का?" असं विचारायचे. नाना कांद्याच्या भावाचं काहीतरी बोलायचे. ब्राउनवर कुत्री लोळायला लागली, झेंड्याची फडकी फाटली. नाना घरात असून नसल्यासारखे वागायला लागले. जेवताना बोलणं नाही, टीव्ही लावला तर आवाज बंद. एकदा प्रमिलाबाई म्हणाल्या, "तुम्ही खेळाले जात नही, ते माले बी घर सुनं लागस." नाना म्हणाले, "तुले काय त्यानं? तू कधी देखाले ऊनी का?"  खरंच त्या कधी बघायला गेल्या नव्हत्या. मळ्यातलं, घरातलं, गुरांचं करता करता त्यांना वेळच कुठं होता?

पण त्यांनी एक केलं. ऋतिकाला फोन लावून सगळं सांगितलं. ऋतिका म्हणाली, "आई, माझे एक पेशंट आहेत, प्रेमराजकाका, खाटेवरच असतात, मीच त्यांच्या घरी जाते. त्यांचा मुलगा हितेंद्र बंगळुरूला आठ वर्षं हेच काम करत होता, माणसाच्या अंगाला बसतील अशा गोल्फच्या काठ्या जुळवून द्यायचं. वडील आजारी पडले म्हणून तो इथं जळगावात मेहरूणला परत आलाय. वडिलांच्या जुन्या कापसाच्या गोदामात त्यानं बॉल मारून बघायला जाळी लावली आहे. बाबांना घेऊन ये."

"ते येतीन का?"

"भरीत खायला चला म्हण."

डिसेंबरात जळगावची हिरवी वांगी बाजारात आलेली असतात, आणि ऋतिकाच्या हातच्या भरताला नानांना नाही म्हणवत नाही. ठरलेल्या सकाळी ते धुतलेला सदरा घालून एसटी स्टँडवर उभे राहिले. तेव्हा त्यांना दिसलं की प्रमिलाबाईंच्या हातात गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक आहे.

"हाई काय शे?"

"ऋतिकाले गोधडी देवानी शे."

"गोधडीले कडक दांडा कशा?"

तेवढ्यात गाडी लागली आणि प्रमिलाबाई पुढे होऊन आत शिरल्या. माळ्यावर शिडी लावून त्या एकट्या चढल्या होत्या, पिशवी काढली होती, आणि सातही काठ्या गोधडीत बांधल्या होत्या. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, तंबू आहे का?" तर त्या म्हणाल्या, "तंबूच समजी ले." नाना खिडकीबाहेर बघत बसले. पारोळं गेलं, एरंडोल गेलं, तरी त्यांनी मान वळवली नाही. मात्र जळगावला उतरताना गोधडी त्यांनी स्वतःच खांद्यावर घेतली. "पडशी बिडशी," एवढंच म्हणाले.

हितेंद्रचं गोदाम मेहरूण तलावापासून हाकेच्या अंतरावर होतं. आत एका भिंतीला क्रिकेटच्या बॅटी ओळीनं लावलेल्या होत्या, कारण त्याचं पोट त्यांच्या दुरुस्तीवरच चालत होतं. गोल्फवाले महिन्यात दोन-तीन यायचे. तिशीतला, अंगानं सडसडीत, हळू बोलणारा मुलगा. त्यानं नानांच्या पाया पडून गोधडी उलगडली आणि सात नंबर हातात घेतला. पातं उजेडाकडे धरलं. मधोमध रुपयाएवढा एक ठिपका घासून गुळगुळीत झाला होता. बाकी पात्यावर सगळीकडे जुना खरखरीतपणा तसाच होता. सतरा वर्षांचे सगळे बॉल त्या एका ठिपक्यावर लागले होते.

हितेंद्र बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "नाना, बंगळुरूला मी मोठमोठ्यांच्या काठ्या हाताळल्या. असा ठिपका फार कमी बघितला."

नानांचा चेहरा जरा सैल पडला. "आता नाही लागत तिथं," ते म्हणाले.

"कुठं लागतो ते बघू."

त्यानं पायाला लावायची पांढरी पावडर पात्यावर फवारली आणि नानांना जाळीत दहा बॉल मारायला लावले. प्रत्येक बॉलचा डाग पावडरीवर उमटला. एक टोकाला, एक दांड्याकडच्या कडेला, दोन अगदी खालच्या काठावर. मधल्या ठिपक्यावर दहातला एकही नव्हता. सहाव्या बॉलला नानांनी ओठ चावला, पण थांबले नाहीत. दहा झाल्यावर पातं त्यांनी स्वतःच पाहिलं. इतके दिवस हातानं सांगितलेलं आता डोळ्यांसमोर होतं.

"मनगट आता आधीसारखं वळत नाही," हितेंद्र म्हणाला. "यात तुमच्या सरावाची चूक नाही. हाड जुळलंय, पण चार-पाच अंशांचा फरक कायमचा राहणार. ऋतिकाताईंना विचारा."

"मग?"

"मग काठीनं थोडं सांभाळून घ्यायला हवं."

त्यानं एक जाडजूड आयर्न दिला. पातं रुंद, मागून पोकळ केलेलं, वजन सगळं कडेला आणि तळाला वळवलेलं. "हा चूक पोटात घालतो," तो म्हणाला. "कडेला लागला तरी बॉल बऱ्यापैकी सरळ जाईल, आणि हाताला कळ येणार नाही."

नानांनी मारला. बॉल सरळ गेला. दुसरा मारला, तोही सरळ. पाचही सरळ गेले. प्रमिलाबाई भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या. बॉल उडून डोळ्याला लागेल अशी त्यांना भीती होती. मांडीवर ऋतिकाच्या घरचे वाटाणे घेऊन त्या सोलत होत्या. बॉल सरळ जातायत हे त्यांना हितेंद्रच्या "वा नाना"वरून कळत होतं. त्यांना वाटलं, काम झालं.

पण नानांनी काठी खाली ठेवली. "यात मला काहीच कळलं नाही," ते म्हणाले. "चांगला लागला का वाईट, हात काही बोलतच नाही. दुसऱ्या कोणी मारला आणि मी नुसता उभा होतो, असं वाटलं. असं खेळण्यापेक्षा न खेळलेलं बरं."

दुसऱ्या कोणत्याही दुकानदारानं इथं समजूत घातली असती. हितेंद्रनं मान हलवली. "बरोबर आहे. ज्याच्या हाताला एकदा ते कळलंय, त्याला ते सोडवत नाही."

त्यानं आणखी दोन आणल्या. एक जवळजवळ ब्लेडसारखीच, तिनं पहिल्याच बॉलला कोपर झणाणलं. तिसरी मधली. पातं तापवून घडवलेलं, तोंड फार मोठं नाही, मागे थोडीशी खोबण, तळ बोटभर रुंद. दांडाही लोखंडाचा नव्हे, ग्रॅफाइटचा, हलका, कळ वर चढू न देणारा. नानांनी तो वाजवून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "हे प्लास्टिक आहे का?"

"नाही नाना. मारून तर बघा."

नाना कधी या काठीनं मारत, कधी त्या. त्यांना काही ठरवता येईना. एक बॉल बरा लागला की दुसऱ्याला वाटायचं, ही नको. तासभर झाला. घाम आला. शेवटी त्यांनी फडक्यानं हात पुसले आणि म्हणाले, "राहू द्या. साहेबांची काठी आहे ती आहे. आता हौस पुरी झाली."

तेवढ्यात भिंतीकडून प्रमिलाबाई म्हणाल्या, "मगाशी मारी ना, ती काठी आपली शे."

"कोणती?"

"माले काय ठाऊक कोणती. तुम्ही दोन डाव मारी, मंग ठेवी दिधी, ती."

नाना हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. "तुले कसं कळनं वं? तुनं तोंड तं भित्ताडाकडे शे."

"कान तं उघडा शेतंस ना?"

हितेंद्रला काय वाटलं कोण जाणे. त्यानं नानांना खुणेनं गप्प राहायला सांगितलं. एकही शब्द न बोलता तो तिन्ही काठ्या उलटसुलट क्रमानं एकेक हातात देत गेला. नाना मारत गेले. प्रमिलाबाई मागं न बघता वाटाणे सोलत बोलत गेल्या. "नही. हाई बी नही. हाई शे." पुन्हा क्रम बदलला. "नही. हाई शे. नही." अकरा वेळा मधली काठी आली आणि अकराही वेळा त्यांनी ती ओळखली. एकदा म्हणाल्या, "हाई तीच शे, पन कडेले लागनी." हितेंद्रनं पातं पाहिलं. पावडरीवरचा डाग टोकाला होता.

"काकू," तो खुर्चीसमोर जाऊन खाली बसला, "हे तुम्ही कुठं शिकलात?"

"शिकाले काय जास?" प्रमिलाबाई लाजल्या. "घर बरडना काठवर शे. सतरा वरीस व्हयनात, ऐकी ऱ्हायनू. नीट लागनी का टक असा बारीक आवाज येस. नही लागनी का ठण्ण करस. जास्त टक ऐकू ऊनात, ते हाऊ मानूस हासत घर येस. मंग मी काय सांगानं ते सांगस. बैल आजारी शे, पोरनी फी भरानी शे, बठ्ठं. आनि ठण्ण जास्त व्हयनात, ते त्या दिन मी काईच सांगत नही. दुसरा दिन सांगस." मग वाटाण्याची शेंग हातात तशीच धरून त्या म्हणाल्या, "आठ महिनापाईन काईच ऐकू ऊनं नही. कवय काय सांगानं, तेच माले कळेना."

 नानांना एकदम पाणी प्यावंसं वाटलं. ते कोपऱ्यातल्या माठापाशी गेले, पाणी प्यायले, पुन्हा प्यायले आणि पेला धुऊन उपडा ठेवायला उगाच वेळ लावला. घरात हा खेळ आपल्या एकट्याचाच, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. या बाईनं एकही फटका न बघता एकूणएक फटका ऐकला होता, आणि त्यावर घर चालवलं होतं. आणि आपण तिला विचारलं, तू कधी बघायला आलीस का!

ते परत आले ते खुर्चीजवळ जाऊन उभे राहिले. "बरं," ते म्हणाले. "तुनी निवडेल काठी लेसू."

अजून एक अडचण होती, ती हितेंद्रनंच सांगितली. मधल्या घडणीतला पाच नंबर, म्हणजे लांब दांड्याचा आयर्न, मारताना नानांचा हात अजूनही दुखत होता. लांब काठी, लांबचा फटका, चुकायला जागा जास्त. "माझं ऐका नाना. पाच, सहा, सात हे चूक पोटात घालणारे घ्या. आठ, नऊ आणि शेवटची पिचिंगची, म्हणजे जवळून उंच टाकायची काठी मधल्या घडणीतली. लांबून मारताना मदत मिळेल आणि झेंड्याजवळ आलात की हाताला सगळं कळेल. जवळच्या फटक्याला हात लागतोच."

"एका पलटणीत दोन वर्द्या?" नानांच्या कपाळाला आठी पडली.

"फौजेत तोफखान्याची आणि पायदळाची कामं वेगळी नसतात का?"

नानांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि मग हसून मान डोलावली. "पोरगं बोलण्यात हुशार आहे."

हितेंद्रनं त्यांच्या मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं, बोटं मोजली. बोटं आखडतात म्हणून मुठीखाली चिकटपट्टीचं आणखी एक वेटोळं देऊन मूठ जाड करायची ठरली. काठ्या वापरलेल्याच, पण चांगल्या मिळतील, बंगळुरूच्या ओळखीनं मागवतो, म्हणाला. खर्चाचं ऋतिकानं आधीच बोलून ठेवलं होतं. एरवी नाना मुलीच्या पैशाला हात लावणार नाहीत, पण त्या दिवशी ते ऋतिकाच्या घरी पाटावर बसले, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडून भरीत खाल्लं आणि "पोरी, तुझी आई..." एवढं म्हणून थांबले.  ऋतिकानं आणखी भरीत वाढलं.

काठ्या दहा जानेवारीला आल्या. दर पंधरा जानेवारीला, सेनादिनाला, नाना कर्नलसाहेबांना कूर्गला फोन करतात. साहेब आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. या वेळी नानांनी फोन दोनदा उचलून खाली ठेवला. साहेबांनी दिलेली वस्तू बदलली, हे त्यांना न सांगता राहणं जमलं नसतं, आणि सांगायला जीभ रेटत नव्हती. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. मनगट, पट्टी, ब्लेड, नव्या काठ्या.

 पलीकडे साहेब खोकत खोकत हसायला लागले. "अरे निंबा," ते म्हणाले, "वो ब्लेड तो मुझसे कभी लगती ही नहीं थी! बाज़ार में सबसे अच्छी चीज़ समझके ले आया था. एक तू ही था जो उससे मार सकता था. इसीलिए तो तुझे दे दी." आणि पुढे असंही सांगितलं की ते स्वतः गेली पंधरा वर्षं जाडजूड आयर्ननंच खेळतायत आणि अजून आठवड्यातून दोनदा जातात.

नाना फोन ठेवून ओट्यावर आले तेव्हा त्यांना हलकं हलकं वाटत होतं. साहेबांनी आपलं नकोसं झालेलं दिलं, असं दुसऱ्या कोणाच्या मनात आलं असतं. नानांना वाटलं, या माणसानं बाजारातली सगळ्यात चांगली वस्तू आणली आणि ती ज्याच्या हातात शोभेल त्याला देऊन टाकली. पंजाबातल्या त्या मैदानावर, अधिकाऱ्यांच्या गर्दीत, एका हवालदाराचा हात त्यांनी ओळखला होता. असा माणूस आपल्याला भेटला, हे सारखं त्यांच्या मनात येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मगनभाऊंना बोलावलं. दोघांनी मिळून ब्राउनवरचं गवत उपटलं, वाळू सारखी केली, झेंड्यांना नवी फडकी बांधली. प्रमिलाबाई गुरांना चारा टाकून निघाल्या होत्या. नाना म्हणाले, "आज तू बी चाल."

"मी तठे काय करू?"

"काई करू नको. चाल फक्त."

पदर डोक्यावर ओढून त्या पाचही खड्डे फिरल्या. तिसऱ्या खड्ड्याकडे जाताना नानांचा सहा नंबर पात्याच्या टोकाला लागला. जुन्या काठीवर तो बोरीत गेला असता. आता तो थोडा वाकडा जाऊन ब्राउनच्या अलीकडे दहा पावलांवर पडला. पूर्वी नाना अशा वेळी स्वतःला चार शिव्या हासडायचे. त्या दिवशी ते थांबून बॉलकडे बघत राहिले. एवढं चुकूनही आपण ब्राउनच्या जवळच आहोत, याचंच त्यांना नवल वाटत होतं. मग आठ नंबर घेऊन त्यांनी पुढचा फटका हलकेच झेंड्याजवळ टाकला, आणि तो फटका हाताला बोटांपासून खांद्यापर्यंत कळला. मगनभाऊ दोन फटक्यांनी जिंकले. सतरा वर्षांत पहिल्यांदाच! ते पार पाचव्या झेंड्यापासून घरापर्यंत ओरडत गेले.

नानांच्या मनात हितेंद्रचं राहून गेलं होतं. त्यानं आपला अख्खा दिवस दिला आणि वर वेळेचं काही घ्यायला तयार झाला नाही. फोनवर आभार मानायला नानांना जमेना. शेवटी त्यांनी त्याला जेवायला बोलावलं. त्याच्या वडिलांजवळ ऋतिका थांबली आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी हितेंद्र सोनगीरला आला. प्रमिलाबाईंनी शेवेची भाजी, ठेचा, ज्वारीचे बिबडे-पापड असं सगळं केलं होतं. जेवण्याआधी खेळू, नाना म्हणाले.

हितेंद्रचा फटका देखणा. बॉल उंच जायचा, मऊ पडायचा. पहिल्या खड्ड्यापाशी त्याचा बॉल नानांच्या बॉलपेक्षा कितीतरी जवळ होता. मग तो ब्राउनवर आला आणि सगळं बिघडलं. तो हिरवळीवर शिकलेला, वाळूवर बॉल कसा घरंगळतो त्याला माहीत नव्हतं. त्याचा बॉल वाटेतच थांबायचा. दुसऱ्यांदा जोर लावला तर खड्ड्यावरून उडी मारून पलीकडे जायचा. मगनभाऊ झेंडा धरून हसत होते. प्रमिलाबाई बांधावर बसून होत्या. त्या म्हणाल्या, "पोराले सांगा ना काई."

नाना पुढे झाले. हितेंद्रला त्यांनी बॉलमागं उकिडवं बसवलं, वाळूवर तळहात ठेवायला लावला. "उन्हानं ऑइल वर आलंय का बघ. सकाळी वाळू थंड असते, बॉल पळतो. उन्हात चिकट होते, बॉल धरून ठेवते. आत्ता अकरा वाजलेत, म्हणजे थोडा जोर, पण मनगट नाही, खांदा."

हितेंद्रनं हात ठेवला, बोटं वाळूत दाबली, नाकाशी नेऊन वास घेतला. "नाना, हे कोणत्याच पुस्तकात नाही."

"आम्ही लिहिलंच नाही कधी," नाना म्हणाले. "तू शिक आणि तूच लिही."

वाळू सारखी करायला ब्राउनच्या कडेला ठेवलेली ओली गोणपाटाची पट्टी त्यांनी उचलली आणि हितेंद्रच्या हातात दिली. बॉलपासून खड्ड्यापर्यंत ती कशी सरळ ओढायची, पावलांचे ठसे कसे पुसायचे, ते चालून दाखवलं. मग बाजूला सरकून हात मागे बांधून उभे राहिले. हितेंद्र उलटा चालत पट्टी ओढायला लागला, आणि काळ्या वाळूवर त्याच्यापुढे एक गुळगुळीत वाट उमटत गेली.